टेपखालचा कनेक्टर

आदरणीय (आणि पंधरवडाभर फोन न उचलणारे) दादा यांस,

सप्रेम नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण सध्या एकदा वाकलो की पुन्हा सरळ होता येत नाही. त्याचं कारण पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं पित्त शांत आहे ना? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे तुमच्या बहिणीच्या रोपवाटिकेतली रोपं माना टाकू लागली आहेत, आणि त्यांच्याबरोबर मीही.

गेल्या वर्षी तुम्ही अंगणातला पाणी फवारायचा पंप जोडून दिलात, आठवतं ना? वर चहा पीत तासभर आम्हाला समजावलंत की घरातला साधा पिन-सॉकेट बाहेरच्या यंत्राला चालत नाही, तिथे वॉटरप्रूफ कनेक्टरच लागतो, पेच फिरवून घट्ट बसणारा, आत रबराची कडी असलेला. आणि वर म्हणालात, 'मी लावलाय तसला तुमच्या बाजारात मिळायचा नाही!' तो आता दगा देतोय. पंप चालू केला, शिंतोडे उडाले, की घरातला स्विच खटकन ट्रिप होतो. वायरमनने फोनवरच निदान केलं: जोडात पाणी शिरतंय, कनेक्टर बदला, आहे तस्सा आणून ठेवा, मी येऊन बसवतो. 'आहे तस्सा' म्हणायला त्याचं काय जातंय! तो कसा आहे हे कुणी पाहिलंय? तुम्ही जोड टेपने गुंडाळून गेलात आणि त्यावर आमच्या बाबांनी आपली टेप चढवली. (बाबांचा देवावर नाही एवढा काळ्या टेपवर विश्वास आहे. चष्म्याची काडी, झाडूचा दांडा, टीव्हीचा रिमोट, सगळं टेपच्या भरवशावर चाललंय.) आठवण झाली की एक थर, असं करत तिथे चांगल्या पोसलेल्या रताळ्याएवढा गोळा झालाय. सोडायला गेलो तर बाबा म्हणतात, बांधलेलं सोडू नये; आणि तुमची बहीण म्हणते, दादाने लावलंय, तुम्ही हात लावू नका. (माझ्या हाताला गुण नाही, यावर या घरात जेवढं एकमत आहे तेवढं दुसऱ्या कशावरही नाही.)

तेव्हा मी त्या गोळ्याचं कागदावर चित्र काढून दुकानात गेलो. दुकानदाराने ते उलटसुलट करून पाहिलं आणि हे रताळं इथे कशाला आणलंत म्हणून विचारलं. मग प्रश्नांची सरबत्ती. पिना दोन का तीन? अँपिअर किती? वायर केवढी जाड? नुसते शिंतोडे उडणार की पाण्यात बुडणार? (त्यासाठी कनेक्टरवर आकडे असतात म्हणे, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. मला आजवर फक्त वजनकाट्यावरच्या आकड्यांची धास्ती होती.) मेल पाहिजे का फिमेल? शेजारी दोन बायका बल्ब तपासून घेत होत्या. मी हळूच म्हणालो, जोडीच द्या. ती जोडी घरी आणली तर इतकी ढगळ, की वायर घातल्यावर उरलेल्या जागेत बेडकाने बिऱ्हाड केलं असतं. दुसरी वायरला बेताची बसली, पण निघाली दोन पिनांची. आणि आमच्या पंपाला अर्थिंगची तिसरी तार! तिसऱ्या खेपेला पाकीट फोडतो तर दोन्ही तुकडे पिनांचेच, भोकांचा एकही नाही. समोरासमोर ठेवले, तर वाटणीवरून अबोला धरलेल्या भावांसारखे एकमेकांकडे बघत बसले. परत गेलो तेव्हा दुकानदार आत ओरडला, "अहो, रताळेवाले आले!" आता त्या रस्त्यावर माझी हीच ओळख आहे.

तोवर झाडांना पाणी कोण घालतंय? मी. झारीने. नळ एका टोकाला आणि रोपं दुसऱ्या. पाठीचं धनुष्य झालंय, फक्त बाण सोडायचा बाकी आहे (तो कुणावर, ते ठरलेलं आहे). पण दादा, गंमत बाजूला. ही तिची पहिली मोठी ऑर्डर आहे, शाळेच्या आवारासाठी. महिनाअखेर तिथल्या बाई रोपं बघायला येणार. वैताग माझा असला तरी काळजी तिची आहे, आणि तिला अशी गप्प गप्प बसलेली मला बघवत नाही. तेव्हा फोन नाही तर नाही, उलट टपाली एवढं तरी कळवा, तो कनेक्टर नेमका कुठला?

आपला,
कमरेतून वाकलेला मेहुणा

ता. क. वरचं लिहून झालं आणि माझं डोकं फिरलं. ती बाजारात गेली होती. मेन स्विच बंद केला आणि रताळं सोललं. बाबा शेजारी उभे राहून प्रत्येक थराला हळहळत होते. आत कनेक्टर नाही, दादा. आत नुसत्या पिळून बांधलेल्या तारा, आणि त्यांवर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण! असला कनेक्टर बाजारात मिळत नाही, हे मात्र तुम्ही खरं बोललात. फोन का उचलत नाही तेही कळलं.

बाबांनी नवी टेप गुंडाळली आणि म्हणाले, "सूनबाईला सांगू नकोस. एकुलता एक भाऊ आहे तिचा." म्हणून विनंती एवढीच, की येत्या रविवारी या. तीन पिनांचा, सोळा अँपिअरचा, पाण्याचा आकडा मोठा असलेला खरा कनेक्टर आणा आणि तिच्यासमोर बसवा. पिना पंपाच्या बाजूला, भोकं विजेच्या बाजूला (उलट केलं तर उघड्या पिनेत वीज राहते, हे मला आता रताळेवाला असूनही कळतं). हवं तर भाषणही करा. मी विजेरी धरून मान डोलवीन.

ता. क. आणखी एक. दादा, मी धाकटी. हे पाकीट डकवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, यावरून काय ते समज. झाकण माझ्याच बाटलीचं. "आत्तापुरतं दे" म्हणालास आणि मीच आणून दिलं. ह्यांच्यासमोर तुझी शोभा नको म्हणून इतके दिवस उघडू दिलं नाही. पण त्या तारांवर ह्यांचा ओला पाय पडला असता तर? मोठा असलास तरी कान धरीन. रविवारी कनेक्टर आण, भाषण नको. आणि मला ठाऊक आहे हे ह्यांना कळू देऊ नकोस. माझ्यापासून लपवलं म्हणून आज किती दिवसांनी खुशीत आहेत, शीळ घालत पाणी घालतायत.