शेटजींचा पिवळा फोन

४ सप्टें.
सहा वर्षं त्या दुकानाच्या साड्यांचे फोटो काढले. आज सगळ्यांसमोर बाहेरचा रस्ता. शेटजी मोबाइल नाचवत म्हणाले, "मॅडम, ये रानी कलर है? ईंट लग रही है! कस्टमर को धोखा दे रहे हो आप." रंग अचूक यावा म्हणून दर साडीशेजारी करड्या चौकोनांचं कार्ड ठेवून मी फोटो काढते, मग खिडकीच्या उजेडात पदर स्क्रीनला लावून रंग जुळवते. आणि मी फसवते म्हणे! त्यांचा जावई बाजूला दात काढत होता. आजपासून ह्या वहीत तो शेटजी नाही, नुसता शे.

७ सप्टें.
कार्ड दुकानात राहिलं होतं, आणायला गेले. शे. काउंटरवर मोबाइल बघत होता. पडद्यावरचा पांढरा भाग हळदीच्या दुधासारखा! उन्हाळ्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यांना त्रास नको म्हणून जावयाने पडदा पिवळा करणारं सेटिंग लावून दिलं होतं. ते अजून चालूच. मग माझा राणी रंग त्याला विटकरी दिसणारच की. एक बटण बंद करायचं काम. ओठांवर आलं होतं, गिळलं. "येते" म्हटलं. छत्रीबागेपर्यंत चालत आले. लाज वाटायला हवी होती, पण मजा वाटली.

१५ सप्टें.
दुकानाची साइट पाहिली. शे.च्या मोबाइलवर रंग बरे दिसावेत म्हणून जावयाने सगळ्या फोटोंत निळं ओतलंय. राणी जांभळा, हळदी हिरवट. भोगा आता. नवरा म्हणतो, "छोड़ ना यार, सांगून टाक." का सांगू? मला कोणी काही विचारलं होतं?

२ ऑक्टो.
दुकानातले जोशीकाका भेटले. रंग वेगळा म्हणून साड्या परत येताहेत, गठ्ठेच्या गठ्ठे. शे. रोज ओरडतोय. ऐकून पोह्यांची दुसरी प्लेट घेतली.

६ ऑक्टो.
महेश्वरहून फरीदाबाजींचा फोन. ह्या साड्या त्याच विणतात, सूतही स्वतः रंगवतात. त्यांचाच रंग खोटा म्हणून शे.ने माल घेणं थांबवलंय. "दीदी, आप तो रोज़ देखती थीं. मेरे रंग में कमी थी क्या?"
नाही बाजी, म्हटलं, खोट त्याच्या फोनमध्ये आहे.
"तो सेठजी को बता दो ना."
नंतर बोलते म्हणून फोन ठेवला. सूड घ्यायचा शे.वर, आणि माग बंद पडला हिचा. रात्रीचं जेवण गेलं नाही.

७ ऑक्टो.
सकाळी मीच शे.ला फोन केला. रंग का बिघडतात ते मला ठाऊक आहे म्हटलं.
"तो बताओ ना मॅडम!"
सांगीन, पण दुकानात येऊन. आधी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचं, मॅडमने फसवलं नव्हतं. जावयासमोरसुद्धा.
शे. म्हणाला, "सोचकर बताता हूँ."
दुपार झाली, अजून फोन नाही. मधे फरीदाबाजींचे दोन येऊन गेले. उचलले नाहीत. चूक आहे माझी, कळतंय. तरी त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय सांगणार नाही.
आत्ता पुन्हा वाजतोय. बाजीच.