मागच्या खोलीतला भोंगा

३ मार्च, मंगळवार

आणलंच शेवटी! कोपऱ्यावरचा पब कायमचा बंद झाला आणि त्यातलं फ्रूट मशीन – नाणं टाकून जुगार खेळायचं ते – माझ्या मागच्या खोलीत येऊन उभं राहिलं. कपाटाएवढं. उचलायला चार माणसं लागली, दाराच्या चौकटीचा रंग खरवडला. क्लाइव्ह म्हणतो, या मशीनशी आपली वीस वर्षांची ओळख आहे, ते भंगारात कसं जाऊ देऊ? माझ्याशी सदतीस वर्षांची आहे – पण मला बघून त्याचा चेहरा असा उजळल्याचं आठवत नाही.

चहाच्या वेळी प्लग लावला. दिवे लागले, चाकांवरची चेरी-लिंबं गरगरली आणि भोंगा सुरू झाला. घरातून रुग्णवाहिका चालल्यासारखा! कप माझ्या हातातून सुटला. क्लाइव्ह मशीनच्या पाठीवर थापा मारत राहिला, जसं काही बाळ ढेकर देणार आहे.

मग भिंतीवर ठक ठक ठक. शेजारचे मिस्टर ऑर्मरॉड. काठीने.

४ मार्च, बुधवार

दूध आत घ्यायला गेले तर मिस्टर ऑर्मरॉड फाटकापाशी उभेच. एकोणऐंशी वर्षांचे, पण अजून टाय लावल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर काढली. भोंगा वाजला की एक तर धुकं, नाही तर बोट बुडतेय. तुमच्याकडे यातलं काय आहे?"

"तूर्तास नवरा आहे," मी म्हटलं.

हसले नाहीत. पण मिशी हलली जराशी.

क्लाइव्हशी ते बोलत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी कुंपण सरळ करायच्या नादात क्लाइव्हने त्यांच्या बायकोने लावलेला गुलाब मुळासकट उपटला. बायको त्याच हिवाळ्यात गेलेली. क्लाइव्ह माफी मागायला गेला तो मोजपट्टी घेऊन – कुंपण कसं आपल्याच हद्दीत आहे ते दाखवायला. तेव्हापासून दोघांचे निरोप माझ्यामार्फत. टपालखातं झालंय माझं.

६ मार्च, शुक्रवार

क्लाइव्हने ग्रिम्सबीच्या एका जुन्या मेकॅनिकचा नंबर मिळवला. तो फोनवर सांगणार, क्लाइव्ह मशीनमध्ये डोकं घालणार, आणि फोनची वायर तिथवर पोचत नाही म्हणून मी मधे उभी राहून ओरडणार, अशी व्यवस्था. मेकॅनिकचं म्हणणं, आत किती नाणी पडली ते मोजणारी एक डबी असते. तिचा प्लग सैल झाला की मशीनला वाटतं कुणीतरी चोरी करतंय, आणि ते बोंबलायला लागतं.

प्लग सैलच होता! खटकन बसवला. भोंगा बंद. क्लाइव्ह घरभर असा फिरला, जणू त्यानेच वीज शोधून काढली.

८ मार्च, रविवार

परत वाजला. ऐन जेवणाच्या वेळी. दचकून भट्टीचं दार उघडलं आणि आत फुगत असलेलं यॉर्कशर पुडिंग खाली बसलं.

१० मार्च, मंगळवार

काल रात्री झोपताना क्लाइव्हला सांगून टाकलं: शनिवारपर्यंत ते मशीन गप्प, नाही तर त्याची रवानगी अंगणात. आणि जोडीला तुझीही.

सकाळी क्लाइव्ह शहाण्यासारखा मशीनबरोबर आलेल्या दुरुस्तीच्या वह्या काढून बसला. मागच्या खोलीत शेकोटीची जुनी, बंद चूल आहे; तिच्यावरच्या फळीवर इतके दिवस त्यांची नुसती चवड रचली होती. भोंगा वाजतो तेव्हा समोरच्या छोट्या पट्टीवर एक आकडा येतो – तो आम्ही दोघांनी आठवडाभर पाहिलाच नव्हता, कान झाकण्यात हात गुंतलेले! वहीत त्या आकड्यापुढे लिहिलंय: तिसरं चाक सापडत नाही.

चाक तर समोर दिसतंय. मग सापडत कुणाला नाही? मशीनला. प्रत्येक चाकाच्या कडेला पत्र्याची एक जीभ असते. ती एका बारीकशा दिव्याच्या डोळ्यापुढून गेली की मशीनला कळतं, चाक कुठे आहे. डोळा मळला तर मशीन आंधळं. आणि आंधळं झालं की किंचाळतं.

क्लाइव्हची बोटं म्हणजे सॉसेजेस. तेव्हा मीच आत शिरले. शिवणाच्या कारखान्यात एकवीस वर्षं मशीनं उघडून झाकली आहेत, हे तो विसरला होता. कान साफ करायची काडी स्पिरिटात बुडवून डोळा पुसला. काडी काळीकुट्ट निघाली. पबमध्ये सिगरेटबंदी येऊन दोन वर्षं होत आली, पण त्याआधीचा सगळा पब त्या डोळ्यात बसला होता. काही भाग क्लाइव्हने स्वतः फुंकलेला.

प्लग लावला. चाकं फिरली, थांबली. आलुबुखार, घंटा, लिंबू. शांतता.

क्लाइव्ह हळूच म्हणाला, "थेल्मा, तू पबमध्ये असतीस तर मी जास्त वेळा घरी आलो असतो." वाक्याचा अर्थ लागत नाही, पण कौतुक असावं.

११ मार्च, बुधवार

भोंगा नाही. काठी नाही. कुंपणावरून मिस्टर ऑर्मरॉडना सांगितलं, दुरुस्त झालं. म्हणाले, "बरं झालं." थोडं थांबून म्हणाले, "दुपार जरा लांबते आता."

१४ मार्च, शनिवार

उशीर झालाय. तरी आजचं आजच लिहिते.

दुपारी हॅडॉक मासे तळत होते. मागच्या खोलीतून भोंगा. मी गॅस बंद केला, क्लाइव्ह शिव्या देत आत गेला. मशीन उघडलं. पट्टीवर आकडा नाही. प्लग दाबला, चाक हलवलं, शेवटी भिंतीतली वायरच ओढली. दिवे गेले, मशीन मेलं. आवाज चालूच! क्लाइव्ह म्हणाला, आत बॅटरी असणार, आणि कमरेपर्यंत मशीनमध्ये शिरला.

मी दारात उभी राहून ऐकलं. मशीन एका सुरात रडायचं. हा आवाज चार वेळा टीं-टीं करायचा, दम घ्यायचा, पुन्हा चार वेळा. आवाज फळीवरून येत होता. वह्यांची चवड ढकलली तर मागे पांढरी डबी. आमच्या लेकीने, लिनेटने, नाताळात पाठवलेली – कोळशाच्या न दिसणाऱ्या विषारी धुराची सूचना देणारी. चुलीपाशी ठेवा, असं पोरीने तीनदा बजावलं होतं. क्लाइव्हने ठेवली आणि पुढे वह्या रचल्या.

खिडक्या उघडल्या. क्लाइव्हला बाहेर ओढलं. तो म्हणतोय, अगं, आपली चूल पंधरा वर्षांत पेटलेली नाही, धूर येणार कुठून? खरं होतं. पण त्या भिंतीमागची धुराची चिमणी आमची आणि शेजारची एकच आहे. मिस्टर ऑर्मरॉड अजून कोळसा जाळतात.

आणि मग माझ्या लक्षात आलं. दहा मिनिटं हा गोंधळ चाललाय, आणि भिंतीवर एकदाही ठकठक नाही.

"क्लाइव्ह," मी म्हटलं, "म्हातारा गप्प आहे."

एवढंच. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस, गुडघे धरून जिना चढणारा – कुंपणावरून गेला. फावड्याने मागच्या दाराची काच फोडली, श्वास कोंडून आत घुसला. मी ॲम्ब्युलन्सला फोन करून धावले, तोवर तो मिस्टर ऑर्मरॉडना खुर्चीसकट फरफटत अंगणात आणत होता. टाय लावलेला. चेहरा त्या विषाने गुलाबी, डोळे मिटलेले. क्लाइव्ह त्यांना हलवतोय, "उठा, अहो उठा, शिव्या द्या हवं तर."

बऱ्याच वेळाने ओठ हलले. आम्ही दोघं वाकलो.

"गुलाबावर उभा आहेस," ते म्हणाले.

खरंच उभा होता. त्यांनी नवीन लावलेला, वीतभर. क्लाइव्हने पाय उचलला आणि रडायला लागला.

१५ मार्च, रविवार

वाचले! दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय. आमचंही रक्त तपासलं, ठीक आहे. लिनेटला फोन केला. ती आधी रडली, मग बापावर अर्धा तास ओरडली. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. फोनवर मान दिसत नाही, हे त्याला सांगितलं नाही.

१८ मार्च, बुधवार

तपासायला आलेल्या माणसाने चिमणीतून पोतंभर काड्या काढल्या. कावळ्यांनी घरटं बांधायला घेतलं होतं. धुराला वर वाट नाही, म्हणून तो दोन्ही घरांत उतरला. चिमणी आतून तडकली आहे, पुरी बांधून काढल्याशिवाय त्या घरात राहायचं नाही, असं सांगून गेला.

दुपारी क्लाइव्ह एकटाच दवाखान्यात गेला. मोजपट्टी नेली नाहीस ना, मी विचारलं. तासाभराने आला. काय बोललात? तर म्हणे, तो गुलाब कुठल्या जातीचा होता, ते विचारलं.

"मग?"

"नऊ वर्षं लागली हे विचारायला, म्हणाले. आणि मग सांगितलं."

२७ मार्च, शुक्रवार

ग्रिम्सबीचा मेकॅनिक येऊन मशीन घेऊन गेला. क्लाइव्हने स्वतः दार धरलं. मागच्या खोलीत आता पलंग आहे, खिडकीपाशी खुर्ची, टाय टांगायला खिळा. मिस्टर ऑर्मरॉड सोमवारी येतायत. चिमणी होईपर्यंतच, असं त्यांना सांगितलंय. चिमणीवाल्याला फोन करायचं काम क्लाइव्हकडे आहे. त्याने अजून केलेला नाही, आणि मी आठवण करून देणार नाही.