गावकीचा नारळ

बुधवार, ८ जानेवारी

तालुक्याहून दोन मॅडम आल्या होत्या. मुलांसाठीच्या त्या १०९८ नंबरावर कुणीतरी फोन केला म्हणे – अरविंद आपल्या पोरीला मारतो. अरविंद म्हणजे आमचे हे! श्रुतिका दहा वर्षांची. शेळी श्रीपतकाकांच्या वालात शिरली, म्हणून परवा निगडीच्या फोकाने तिची पाठ सोलून काढली होती.

मॅडमनी बजावलं, पोर तुमची असली तरी असं मारणं गुन्हा आहे, पुन्हा झालं तर प्रकरण पोलिसात जाईल. ह्यांनी नंदीबैलासारखी मान डोलावली आणि मला चहा टाकायला सांगितला. साखर जरा जास्त घाल म्हणाले. कायद्याचं तोंड गोड करायला!

गुरुवार, ९ जानेवारी

सासूबाई दिवसभर मॅडमच्या नावाने बोटं मोडतायत. मार खाऊनच माणूस घडतो, माझा अरविंद बघ, म्हणाल्या.

बघतेच आहे.

रविवार, १२ जानेवारी

देवळात गावकी बसली. गावचं मुंबईतलं मंडळ व्हिडिओ कॉलवर. आम्ही बायका बाहेर चहाचे कप विसळत ऐकत होतो. विषय एकच – फोन कुणी केला? पोरीच्या पाठीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

हे उठून म्हणाले, "माझी पोर हाय. मी मारीन नायतर पुजीन." टाळ्या! पुजताना मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही.

मग ठरलं, घरटी एका पुरुषाने देवापुढे नारळ उचलून शपथ घ्यायची – फोन मी केला नाय. सगळ्यांनी उचलला. मुंबईकरांनी आपापल्या किचनमधले उचलले. एकाकडे नव्हता, त्याने खोबरेल तेलाची बाटली उचलली. तीही चालली! बायकांना गावकीत तोंड नाही, त्यामुळे शपथही नाही.

चोर काही सापडला नाही. संशय आता शाळेतल्या गुरुजींवर. परगावचे ना!

मंगळवार, १४ जानेवारी

श्रुतिका अजून पालथीच झोपते. आज संक्रांत. ह्यांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोल म्हणाले. मला त्या टाळ्यांचा राग येतो. ह्यांचा तर येतोच.

शुक्रवार, १७ जानेवारी

काल ह्यांनी पुन्हा फोक उचलला. गुरुजींची बदली करा, असा गावकीचा अर्जही गेला.

पहिला फोन मीच केला होता. इथे लिहायलाही भ्याले. आज सकाळी पुन्हा लावला. नाव सांगायची सक्ती नाही, फोनवरच्या बाई म्हणाल्या. मी सांगितलं – माधुरी, मुलीची आई.