उतरलात की तोंड दाखवून जा

आई,

तुझी नात उद्या हरिहर गडावर चाललीय. अकरावीच्या क्लासमधली मुलं-मुली आहेत, बरोबर त्यांचे एक सर. दर रविवारी एक डोंगर आणि उतरल्यावर एक मिसळ असा त्यांचा नेमच झालाय. पांडवलेणी झाली, रामशेज झाला. कुठली तर्री घशाला लागते, कुठे पापड मागाल तेवढा देतात, कुठे झाडाखाली बाज टाकून बसवतात, सगळं तिला पाठ. आता नाशकात मिसळीच्या हॉटेलांना लॉन असतं, झोपाळे असतात, गाड्या लावायला मैदान असतं. तुला पटलं नसतं. मगाशी दारात उभी राहून तिनं विचारलं, "जाऊ ना गं?" मी "जा" म्हटलं, आणि तेव्हापासून हा कागद घेऊन बसलेय. हरिहरच्या पायऱ्या उभ्या भिंतीसारख्या आहेत म्हणतात. मी पाहिलेल्या नाहीत, पाहणारही नाही.

आपलं हॉटेल म्हणजे अंजनेरीच्या फाट्यावर पत्र्याचं छप्पर, चार बाकं आणि चुलीवरचं काळ्या मसाल्याचं पातेलं. डोंगर चढायला येणारे सकाळी त्र्यंबकच्या एस.टी.तून उतरायचे, तुझ्याकडे खायचे आणि वर जायचे. तू प्रत्येकाला सांगायचीस, "उतरलात का तोंड दावून जा बरं." त्यांना वाटायचं, बाई चहा खपवायला बघतेय. ते हसायचे. पण सगळे खाली येईपर्यंत तू चूल विझवायची नाहीस, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

हे सुरू झालं मी दहावीत असताना. एक मुलगा एकटाच आला होता, पाठीवर सॅक, तोंडभर हसू. खाऊन गेला, तो उतरलाच नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या माणसांनी त्याला कड्याखालून आणलं. मग त्याची आई आली. ती रडत नव्हती. आपल्या बाकावर बसली आणि तुला म्हणाली, "इथं जेवला म्हणे तो. काय खाल्लं त्यानं?" तू पदर तोंडाला लावलास. "मिसळ खाल्ली ताई. पाव दोनदा मागून घेतला. ताक प्यायला." ती म्हणाली, "म्हणजे पोट भरलेलं होतं." तू मान हलवलीस. ती गेल्यावर तू त्या बाकावरून किती तरी वेळ फडकं फिरवत होतीस. मी शाळेचे कपडेही न बदलता बघत उभी होते.

त्यानंतर तू मला कधी वर जाऊ दिलं नाहीस. पण बारावीला असताना श्रावणात मैत्रिणी आल्या आणि तुझ्यासमोर हट्ट धरून मला घेऊन गेल्या. "दुपारच्या आत ये," एवढंच तू म्हणालीस. चढताना ऊन होतं. देवीच्या देवळापाशी पोहोचलो आणि धुकं आलं. येतं तसं नाही, भिंत पडावी तसं. पुढच्या मुलीची वेणी दिसेना. आम्ही देवळाच्या ओट्यावर एकमेकींना धरून बसलो. दुपार टळली, तरी ते हटेना.

आणि मग तुझी हाक येते. माझं नाव घेत, दम लागलेली, खरखरीत. आयुष्यात डोंगर न चढलेली तू, चूल पेटती सोडून वर आलेली. क्षणभर मला आनंद होतो. मग लक्षात येतं, हाक वाटेकडून येत नाहीये. ती कड्याकडून येतेय, आणि दर खेपेला लांब जातेय.

मी ओरडते, "आई, थांब! पाय हलवू नको! खाली बस!"

"कुठं हायेस तू?"

"बस आधी! बसलीस?"

"बसले. तू ये ना."

मैत्रिणी माझी ओढणी धरतात. मी सोडवून घेते आणि ओणवी होऊन, गवत चाचपत निघते. चार पावलांत देऊळ नाहीसं होतं. आता तुझा आवाजही थांबलाय. भीतीनं तुझी दातखीळ बसलीय, हे मला समजतं. "आई, बोल! शिव्या दे मला!" आणि तू देतेस. "मेले, तुझ्या जिवाची पर्वा नाय तुला... तंगडं मोडून घरात बसवते का नाय बघ..." तुझा आवाज रडवेला, फाटलेला. मी त्या आवाजाच्या मागे सरपटत येते. हाताला आधी तुझी ओली साडी लागते, मग तू. कारवीच्या झुडपाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेली. तू मला एक थोबाडीत मारलीस आणि मग इतकं घट्ट धरलंस की मला श्वास घेता येईना.

धुकं विरळ झाल्यावर आपण उतरलो. तू माझा दंड सोडला नाहीस, आणि घरी ती गोष्ट पुन्हा काढलीही नाहीस. दुसऱ्या दिवशी चूल पेटवलीस, आल्या-गेल्याला वाढलंस. पुढे माझं लग्न झालं, रस्ता रुंद करताना हॉटेल गेलं, आणि तुझी नात बालवाडीत असताना साखरेनं तुला नेलं. पण शेवटी अंथरुणावर असताना तू विचारायला लागलीस, "त्या दिवशी कडा किती लांब व्हता गं?" मी दर वेळी म्हणायचे, "लांब होता आई. अख्खं शेत मावलं असतं मध्ये." तू डोळे मिटून घ्यायचीस.

हा कागद मी तुझ्या नातीला दाखवणार नाही. तिला वाटेल मी अडवतेय, आणि ते खरंच असेल. तुला तरी सांगते. विरळ होताना ते धुकं आधी तुझ्या पाठीमागे फाटलं होतं. झुडपापलीकडे हातभर गवत होतं, आणि त्याच्यापुढे काही नव्हतं.