'ज'पाशी थांबलेला कोश

अकोला,
१२ ऑगस्ट २०२४

चि. पुष्कर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा बाबा समोरच बसले होते, म्हणून मी नुसतं हो हो केलं. इकडे सगळं ठीक. बाबांचं बीपी ताब्यात आहे. तुझ्या निधीच्या खोकल्याला ओव्याचा शेक दे, औषधं फार नको.

बाबांच्या वऱ्हाडी शब्दकोशाची पानं अमरावतीच्या प्रकाशकाला आवडली, आता दुसरा खंड करू म्हणालास. "बाबांची बुद्धी इतकी तल्लख आहे ताई, त्यांना आत्ता इकडे हलवायला नको. आणखी दोन वर्षं तू बस त्यांच्यापाशी." वा रे भाऊ. कोश झाला की बाबांना मी नेतो, तू मोकळी, हे कोण म्हणालं होतं?

तर आता ऐक. बाबा रोज दहाला अंघोळ करून टेबलापाशी बसतात. मी वही घेऊन समोर. "लिही. जयणे. म्हणजे जळणे, आपल्याकडे ळ चा य होतो. मूळ संस्कृत ज्वल्." मग अर्थ. विस्तव लागणे, थंडीनं पीक करपणे, दुसऱ्याचं बरं न पाहवणे. मी लिहिते, ते खाली सही करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "लिही. जयणे."

दीड वर्ष झालं. पुढचा शब्द आलेला नाही.

एकदा म्हटलं, बाबा, हा काल झाला. इतके कावरेबावरे झाले की दिवसभर जेवले नाहीत. मी दोन दिवस तेल्हाऱ्याला गेले, तेव्हाचं स्वयंपाकाच्या मनकर्णाबाईंनी सांगितलं, "ताई, ते खुर्चीवरून उठलेच नाई. मले म्हने लिव. मले कुठी लिवता येते?" तेव्हापासून मी कुठे जात नाही.

मग पुढची पानं कोणाची? माझी. बाबा दुपारी झोपले की मी लिहायचे, ह पर्यंत सगळी. लवकर सुटावं म्हणून घाई केली. 'होरपयणे' वाचून तू गहिवरलास ना? "ज्वाळा न लागता, नुसतं जवळ राहून भाजणे. व्युत्पत्ती अनिश्चित." हे बाबाच लिहू जाणे, म्हणालास. बाबा चुलीजवळ कधी बसले होते रे?

तुला फसवलं, चुकलंच. पण तू वाखाणलंस तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले, तेही खरं. इतकं मन लावून लिहिलं की माझाच रस्ता बंद झाला. एक्कावन्न वर्षांची झाले मी. कधी कधी बाबांचा भयंकर राग येतो. मग ते सही करून वही माझ्याकडे सरकवतात आणि मला माझीच लाज वाटते.

रविवारी गाडी घेऊन ये. कोशावर नाव बाबांचंच राहू दे. सोमवारी दहाला त्यांच्यासमोर तू बस, सांगतील ते लिही, आणि काल झालं असं चुकूनही म्हणू नकोस.

धमकी देता आली असती, तर दिली असती. तू आला नाहीस तरी सोमवारी मी बसेनच, हे तुला पक्कं ठाऊक आहे. त्यावरच तर तू निवांत आहेस.

आशीर्वाद मोठ्या बहिणीचे, विनवणी थकलेल्या बाईची.

वच्छला