नऊ नंबरच्या टाकीतला नर

सालिमा, मासे-ठाणे
४ मे १९९१

चि. म्विझा हिला बापाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. म्झुझूच्या थंडीत तुला स्वेटर पुरत नाही म्हणतेस. शहरात जाऊन कसाव्याचं कोंडोवोले खायचं सोडलंस आणि भातावर आलीस, मग अंगात ऊब राहणार कशी? तुझी आई असती तर टोपलीभर कसाव्याचं पीठ घेऊन दारात उभी राहिली असती.

इथे म्वेराचा वारा सुरू झालाय, सरोवर खवळलेलं आहे. पाणबुडे चार दिवस बसून आहेत. मला काय, बुडी मारणं सोडल्यापासून परदेशी पाठवायच्या माशांच्या टाक्याच माझं सरोवर. पण एक गंमत सांगतो. नऊ नंबरच्या टाकीत खडकातल्या माशांची पिल्लं आहेत, सगळी निळी. त्यातल्या एकाच्या कल्ल्यामागे मला नारिंगी डाग दिसला, आणि शेपटीकडे काळे शिंतोडे. ठिपके तर माद्यांच्या अंगावर येतात. हा नर आहे, मी त्याची चाल ओळखतो. सव्वीस वर्षांत असा नर मी पाहिला नाही.

नव्या मॅनेजरला बोलावून दाखवला. त्याने टॉर्च मारून पाहिलं, आणि आजोबा, डोळे धुऊन या म्हणाला. हसला बिचारा. वनांग्वाही हसला. तुझ्या धाकट्या भावाला ऑफिसात खुर्ची मिळाल्यापासून हसू जरा लवकर येतं.

तब्येत जप. म्हाताऱ्याची आठवण काढत जा.
तुझा बाबा,
याफेती म्होने

*

म्झुझू, १६ मे १९९१

ति. बाबांना म्विझाचा वाकून नमस्कार. वि. वि.

भातावरून बोलून झालं असेल तर आता माझं ऐका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी नेत्रविभागातच काम करते. तुमच्या वयाचे पाणबुडे, कोळी रोज आमच्याकडे येतात. जन्मभर पाण्यावरचं ऊन डोळ्यांत गेलेलं असतं. आधी डाग तरळतात, कुठेतरी रंग दिसतात, मग हळूहळू पडदा येतो. नजर फिरवली की डागही फिरतो. लवकर आलं तर इलाज होतो, उशीर झाला की आम्ही नुसता हात धरतो.

रजा घेऊन इकडे या. तुम्ही मागणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून वनांग्वालाही वेगळं पत्र टाकलंय. रागावू नका.

तुमच्या मायेवर जगणारी,
म्विझा

*

सालिमा, २९ मे १९९१

चि. म्विझा हिला आशीर्वाद. वि. वि.

रागावलो नाही. कालच सुईत दोरा ओवून जाळं शिवलं. खाडीच्या तोंडाशी होडी दिसली की वल्हवणारा कोण, हे मी सगळ्यांच्या आधी सांगतो.

तूच लिहितेस की डोळ्यातला डाग नजरेबरोबर फिरतो. हा माशाबरोबर फिरतो, पोरी. मासा दगडाआड गेला की डागही जातो. मी भिंतीकडे पाहिलं तर भिंत स्वच्छ असते. आता पाठीवर आणखी एक आलाय, तांदळाएवढा. मॅनेजरला पुन्हा सांगितलं तर त्याने खांद्यावर हात ठेवला. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

हा हंगाम संपला की येतो. पिल्लं दुसऱ्याच्या हाती सोडवत नाहीत.

लोभ आहे, तो तुझ्याकडेच राहू दे.
बाबा

*

सालिमा, २० जून १९९१

ति. ताईला वनांग्वाचा नमस्कार. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. तुझं पत्र मी मॅनेजरला दाखवलं. बाबांना पगारी रजा मिळावी एवढंच मनात होतं. त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला की मुलगी नर्स आहे, तीच म्हणते म्हणजे प्रश्नच मिटला. मासे निवडायचं काम अशा नजरेवर सोपवता येत नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना कामावरून काढून गावी चिंतेचेला पाठवलं.

बाबांनी विचारलं की डोळे गेले असं म्हणतंय कोण. मला खोटं बोलता आलं नाही, तुझं नाव सांगितलं. मग त्यांनी नऊ नंबरच्या टाकीचं पाणी बदललं आणि बस पकडायला निघाले. मी पिशवी उचलू लागलो तर म्हणाले की मला दिसतंय.

ताई, चूक माझी आहे. तू मला काही लिहू नकोस, पण त्यांना लिही.
वनांग्वा

*

चिंतेचे, ११ ऑगस्ट १९९१

चि. म्विझा हिला आशीर्वाद. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कसाव्याची लावणी चालू होती. आता रोपं लागली आहेत.

माफी मागू नकोस. लेकीने बापाची काळजी करायची नाही तर कुणी? फक्त एवढंच वाटतं की एकदा बसने येऊन त्या टाकीसमोर माझ्याजवळ उभी राहिली असतीस. दिसलं नाही असं तू म्हटलं असतंस तर मी तुझं मानलं असतं.

डोळे तपासायला येणार नाही. तपासून काय करू, इथे पाहायला कसावा आहे, तो सगळ्यांनाच दिसतो. सवड झाली की ये. उसिपाची बारीक मासळी वाळवून ठेवलीय.

बाबा

*

सालिमा, ११ नोव्हेंबर १९९१

ति. ताईला नमस्कार. वि. वि.

बाबा खरं सांगत होते. नऊ नंबरच्या टाकीतला तो नर आता हाताएवढा झालाय. निळ्या अंगावर नारिंगी पट्टे, त्यावर काळे शिंतोडे, आणि कल्ल्यामागचा डाग तर लांबूनही दिसतो. गेल्या आठवड्यात मॅनेजरने सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं. परदेशी पाठवायच्या यादीत त्या माशाला त्याने स्वतःचं नाव दिलंय. मी सर्वांसमोर म्हटलं की हा मासा याफेती म्होनेंनी मे महिन्यातच ओळखला होता. तो म्हणाला की म्हाताऱ्याचा अंदाज लागला असेल.

उद्या मासे घेऊन मी लिलोंग्वेला निघतोय. तिथून थेट घरी येतो. पण तू जवळ आहेस, तू आधी जा आणि बाबांना सांग. माझ्यासाठी थांबू नकोस.

वनांग्वा

*

चिंतेचे, १८ नोव्हेंबर १९९१

चि. वनांग्वाला ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तार ठाण्यावर पोचली तेव्हा तू लिलोंग्वेला गेला होतास असं कळलं. म्हणून हे पत्र तिकडे टाकते, वाटेत मिळालं तर बरं. बाबा गुरुवारी पहाटे गेले. ताप डोक्यात चढला होता. शेजाऱ्यांनी निरोप पाठवला तेव्हा चार दिवस होऊन गेले होते, मला शेवटचे दोनच मिळाले. शुक्रवारी दुपारी आईशेजारी माती दिली.

लावणीनंतर मी दोनदा इथे येऊन गेले होते. माशांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. उसिपा खाल्ला, गप्पा मारल्या, त्यांनी माझ्या भाताची थट्टा केली. मला वाटलं, आपोआप मिटलं.

बुधवारी संध्याकाळी ते शुद्धीवर होते. मी पाय चेपत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं की बाबा, तो डाग खरा होता, वनांग्वाने कळवलंय, सगळ्यांना दिसतो. तुझं काहीच पत्र आलेलं नव्हतं. त्यांचं मन शांत व्हावं म्हणून रचून सांगितलं. ते माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाले की म्विझा, तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, उगाच त्रास करून घेऊ नकोस.

तुझं पत्र शनिवारी म्झुझूहून फिरून आलं.

मी ते वाचून घडी घालून ठेवलंय. आजूबाजूच्या बायका रडून गेल्या, मला अजून रडू येत नाही. मॅनेजरशी भांडू नकोस. नाव त्याचं राहू दे, बाबांनी माशाला कधी नाव दिलंच नव्हतं. तू ये. कसावा दोघांनी मिळून राखायला हवा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी कुणीतरी इथे लागेल. मी सुट्टी वाढवून घेतली आहे.

आता आपण दोघंच. माझ्यावरची तुझी माया थोडी कमी झाली असेल तर मी समजून घेईन, पण पत्र टाकत जा.

तुझी ताई,
म्विझा