‘आक्रोश’ या फोटोबद्दल खरं काय ते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा युद्धाचे फोटो काढणे, हे मृत्युपत्र कुणाच्याही धाकदपटशाशिवाय लिहीत आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे; धाकट्या भावाला तो खोटा वाटतो. आधीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. राग अजून आहे, पण अक्षर सुधारलं आहे.

१. राहते घर बहिणीला. मी बॅग उचलून जगभर हुंदडत असताना आईचं दुखणंखुपणं तिनेच काढलं. न्हाणीघरातल्या बाटल्या फोटो धुवायच्या औषधांच्या आहेत, शाम्पूच्या नव्हेत. एक पाहुणी फसली आहे.

२. चारही कॅमेरे भावाला. ज्याला गोळी चाटून गेली असं तो चारचौघांत सांगतो, तो कॅमेरा माझ्या हातून जिन्यात पडला होता. थाप माझीच.

३. हेल्मेट माझ्या जुन्या संपादकाला. त्याच्या डोक्यात जपण्यासारखं काही नाही, पण कुंडी म्हणून चालेल.

४. आता मुद्द्याचं. जळत्या इमारतीच्या दारात तोंड वासून उभी असलेली बाई, हा माझा गाजलेला फोटो. ‘आक्रोश’ हे नाव संपादकाचं. बाई रडत नव्हती. तिची बाहेर पडायची वाट अडवून मी दारात उभी होते आणि ती ओरडत होती, “बाजूला हो गं भवाने, मागे पोरं आहेत!” मला स्वच्छ ऐकू आलं. मी आणखी एक फोटो काढला, मग सरकले. तेवढ्यात तिच्या धाकट्याचा हात भाजला. बक्षीस घेताना मी हे बोलले नाही, पुढे एकतीस वर्षंही नाही. मला लाज वाटते.

मागच्या वर्षी तिला शोधून काढलं. ती कपडे शिवते. मी माफी मागितली. तोंडातली टाचणी काढून म्हणाली, “माफीचं काय लोणचं घालू? नातवंडं मला रडूबाई म्हणतात. ते आधी निस्तर.”

म्हणून त्या फोटोची मूळ फिल्म आणि सर्व हक्क तिला. छापो, जाळो, तिची मर्जी. भावाने संग्रहालयाशी चालवलेली बोलणी मुकाट्याने थांबवावीत. कोर्टात गेलास बाबा, तर तुझे लहानपणचे उघडे फोटो बहिणीकडे आहेत.

५. फोटोखाली छापायला मी पानभर मजकूर लिहून तिला फोनवर वाचून दाखवला. “एवढं कोण वाचणार?” म्हणाली आणि स्वतःच सांगितलं. तेच छापावे: ‘ही बाई रडत नाही. फोटोवालीला दारातून हाकलते आहे.’

फोन ठेवता ठेवता म्हणाली, “आणि पोरं बाहेर आली, तेही लिही.”

तेही छापावे. इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

सही

साक्षीदार:
(१) समोरची दातांची डॉक्टर.
(२) कोपऱ्यावरचा किल्ल्या करणारा. सगळं वाचल्याशिवाय सही करेना.

ठिकाण: राहत्या घरी, मागची खोली.
दिनांक: चौदा मार्च.